मधले रबर

दिवाळी अंकाचा मजकूर मागताना आमचे संपादक दरवर्षी एकच सूचना करतात : "काहीतरी खुसखुशीत लिहा." खुसखुशीत या विशेषणावर खरा हक्क चकलीचा; लेखकाने फार तर प्रयत्न करावा. त्यातून यंदा मी ज्या वस्तूविषयी लिहिणार आहे ती लोखंडाची आणि रबराची आहे, तेलकट आहे आणि बशीत घालून पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखी मुळीच नाही. पण या वस्तूपायी गेल्या वर्षी माझी भाऊबीज रस्त्यावर झाली, बावीस हजार रुपये पाण्यात गेले, आणि एका सज्जन माणसाविषयी मी चारचौघांत वाईट बोललो. यांपैकी पैशांचे दुःख आता ओसरले आहे. शेवटच्या गोष्टीचे ओसरलेले नाही. म्हणून हा लेख.

आमची गाडी डिझेलवर चालणारी आणि दुसऱ्याच्या हातची. ती आमच्या घरी आली तेव्हाच पाच वर्षांची होती. आमच्याकडे आणखी चार वर्षे झाली आणि तिने लाख किलोमीटरचा पल्ला ओलांडला. मी मराठीचा प्राध्यापक. ज्ञानेश्वरीतल्या एखाद्या अडलेल्या शब्दावर मी तासभर बोलू शकतो, पण बॉनेट उघडल्यावर माझी अवस्था परदेशी स्टेशनावर उतरलेल्या माणसासारखी होते. पाट्या दिसतात, अर्थ लागत नाही. म्हणून गाडीचे सारे काही मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजातल्या मिस्त्रींवर सोपवले होते. पत्र्याचे छप्पर, एक खड्डा, दोन पोरे हाताखाली, आणि स्वतः मिस्त्री. वय साठीच्या आसपास, बोलणे मोजके.

गेल्या वर्षी श्रावणात गाडीने कुरकूर सुरू केली. सकाळी चालू करताना चिमणीसारखे "चीं चीं" व्हायचे. सिग्नलला उभी राहिली की बारीक टकटक ऐकू यायची आणि स्टिअरिंगला कंप जाणवायचा. वेग घेतला की सारे नाहीसे. सौ.ने आणखी एक गोष्ट टिपली होती. "अहो, गाडी बंद करताना शेवटी 'खळ्ळ' असा आवाज येतो. भांड्यात झाकण आपटावं तसा." मी म्हटले, "येत असेल." चौदा वर्षांच्या संसारात माझ्या तोंडचे हे दोन शब्द तिने किती वेळा ऐकले असतील ते तीच जाणे.

मिस्त्रींनी गाडी चालू ठेवून पाच मिनिटे नुसते ऐकले. बंद करायला लावली, पुन्हा ऐकले. मग टॉर्च घेऊन पट्ट्याच्या बाजूला वाकून पाहिले आणि हात पुसत म्हणाले, "सर, क्रँक पुली गेल्यासारखी वाटते. मधलं रबर सुटतंय. खर्च सात हजारांच्या घरात जाईल, पण करून घ्या. लांबचा प्रवास असेल तर त्याआधी."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चीं चीं वाजतो तो पट्टा, हे मलाही ठाऊक होते. पट्टा काही शेकड्यांत मिळतो, आणि हे गृहस्थ सात हजारांची पुली सांगतात! शिवाय पुली म्हणजे लोखंडाची कप्पी. विहिरीवरच्या रहाटाला असते तशी. तिच्यात रबर कुठून आले? मी "बघू" म्हणून गाडी घेऊन निघालो. इथवर ठीक होते. पण त्याच संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसून मी दोघा शेजाऱ्यांना सांगितले, "आपले मिस्त्री आता बिघडले बरं का. लोखंडातलं रबर बदलायला सात हजार मागतात." दोघेही हसले. त्यांच्यापैकी एकाने नंतर आपली गाडी मिस्त्रींकडे नेणे बंद केले, हे मला फार उशिरा कळले.

मी गाडी नेली ती एका मोठ्या वर्कशॉपात. काचेच्या भिंती, थंडगार हवा, कॉफीचे यंत्र, आणि गळ्यात टाय घातलेला एक तरुण. सौ.ने त्याला तिची ती झाकणाची उपमा ऐकवली. त्याने कागदावर एकच शब्द लिहिला : आवाज. बस्स. कधी येतो, थंड इंजिनात की तापलेल्या, एसी चालू असताना की बंद, यांतले काही विचारले नाही. पट्टा बदलला. दोन आठवडे शांतता. पुन्हा चीं चीं. मग पट्टा ताणून धरणारा टेन्शनर बदलला. मग कंप जात नाही म्हणून इंजिन ज्यावर बसते ती माउंटिंग, म्हणजे गॅरेजच्या भाषेत फाउंडेशन, बदलली. बिलांची बेरीज बावीस हजारांवर गेली. गाडी धुऊन पुसून मात्र छान देत असत.

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही कऱ्हाडला अक्काकडे निघालो. गाडीत आई, सौ., दोन्ही मुले आणि मागे फराळाचे डबे. शिरवळ मागे पडले, खंबाटकीचा डोंगर पुढे दिसू लागला, आणि समोरच्या तक्त्यावर बॅटरीचा तांबडा दिवा लागला. पाठोपाठ स्टिअरिंग इतके जड झाले की बैलगाडी वळवतो आहे असे वाटावे. तापमानाचा काटा हळूहळू वर चढू लागला. मी म्हटले, "घाटाच्या अलीकडे एखादं गॅरेज मिळेल, तिथवर जाऊ." सौ. म्हणाली, "अहो, थांबवा." मी म्हटले, "चार किलोमीटरचा तर प्रश्न आहे." त्यावर ती ज्या स्वरात "थांबवा म्हणते ना!" असे म्हणाली, तो स्वर वर्षातून एकदाच लागतो. मी थांबवली.

त्या एका शब्दाने आमचे इंजिन वाचले, हे नंतर मिस्त्रींनी सांगितले. आमच्या गाडीत बॅटरी भरणारा ऑल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप आणि इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप हे सारे एकाच पट्ट्यावर चालतात, आणि त्या पट्ट्याला फिरवते ती ही क्रँक पुली. बॉनेट उघडले तेव्हा पट्ट्याच्या चिंध्या झाल्या होत्या आणि पुलीचे बाहेरचे कडे आपल्या जागेवरून सरकून तिरपे झाले होते. पाणी फिरत नसताना तेच इंजिन चढाला आणखी चार किलोमीटर रेटले असते, तर सिलिंडरचे हेड वाकून खर्चाचा आकडा पाच अंकी झाला असता, आणि घाटाच्या वळणावर ते जड स्टिअरिंग माझ्या हातात असते. मागच्या बाकावर आई बसली होती. ही कल्पना अजूनही कधी रात्री आठवते.

कुणाला फोन करावा? वर्कशॉप सणाचे बंद. शेवटी लाज गुंडाळून मिस्त्रींना केला. त्यांनी पहिला प्रश्न गाडीविषयी विचारला नाही. "मुलं रस्त्यापासून लांब उभी आहेत ना? मागे त्रिकोण ठेवला का?" मग म्हणाले, "आता चालू करून बघू नका. टो करून आणा. परवा उघडतो." आपण पूर्वी काही सांगितले होते, याचा उल्लेख नाही. तो त्यांनी आजतागायत केलेला नाही. टोइंगची गाडी घेऊन आलेल्या माणसाने मात्र पुली पाहून सल्ला दिला, "साहेब, नवी कशाला घेता? कडं वेल्डिंगनं चिकटवून देतो, पाचशे रुपयांत काम." त्या क्षणी मला तो देवदूत वाटला. तो देवदूत का नव्हता, ते पुढे येईल.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ती काढलेली पुली माझ्या हातात दिली. चांगली वजनदार. मध्ये एक लोखंडी तुंबा, तो इंजिनाच्या क्रँकवर बसतो. बाहेर जाड लोखंडी कडे, त्याच्यावर पट्ट्याच्या खाचा. आणि दोहोंच्या मध्ये बोटाच्या पेराहूनही कमी जाडीचे एक काळे वर्तुळ. हेच ते रबर. माझ्या पुलीतले ते तडकून, फुगून, काही ठिकाणी भुग्यासारखे झाले होते. कडे हाताने फिरवले तर तुंब्यावर गरगर फिरत होते.

"पण हे रबर हवंच कशाला?" मी विचारले. मिस्त्री म्हणाले, "इंजिनचे धक्के खायला." एवढ्यावर माझे समाधान होईना, म्हणून मी ती पुली वर्तमानपत्रात गुंडाळून कॉलेजात नेली. आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी ती टेबलावर ठेवली, हात धुवायच्या जागेचा ओला टॉवेल आणला आणि त्याचे एक टोक माझ्या हाती दिले. "घट्ट धरा," म्हणाले आणि दुसरे टोक पिळले.

वाचकांपैकी ज्यांनी जात्यावर दळण पाहिले असेल त्यांना क्रँक समजायला वेळ लागणार नाही. बाईचा हात पुढेमागे होतो, पण खुंट्यामुळे तळी गोल फिरते. इंजिनात दट्ट्या वरखाली होतो आणि क्रँक गोल फिरतो. फरक इतकाच की दट्ट्याचा रेटा सलग नसतो. प्रत्येक स्फोटाला एक दणका बसतो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात असे दोन दणके बसतात. मिनिटाला 3000 फेरे धरले तर 6000 दणके; म्हणजे सेकंदाला 100. क्रँकच्या मागच्या टोकाला जड फ्लायव्हील असते, ते आपल्या गतीने ठाम फिरत राहते. पुढचे टोक मोकळे. मग प्रत्येक दणक्याला तो लोखंडी दांडा ओल्या टॉवेलसारखा किंचित पिळला जातो आणि लगेच उलगडतो. हा पीळ डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असे आपण म्हणतो. इथे सुंभ पोलादाचा आहे, एवढेच.

नुसत्या पिळाने फारसे बिघडत नाही. बिघडते ते ताल जुळल्यावर. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला आपण कसेही ढकलले तर झोपाळा फार चढत नाही. पण नेमका परत फिरताना दर वेळी हलका हात लावला तर तो आढ्याला लागू पाहतो. प्रत्येक दांड्याला पिळण्या-उलगडण्याचा स्वतःचा एक ठरावीक वेग असतो. इंजिनाच्या काही विशिष्ट फेऱ्यांना दणक्यांचा ताल त्या वेगाशी जुळतो, प्रत्येक दणका आधीच्या पिळात भर घालतो, आणि चांगल्या पोलादाचा दांडा थकून तुटू शकतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सहा सिलिंडरची लांब इंजिने निघाली तेव्हा विलायतेतल्या कारखानदारांना ही पीडा फार झाली. दांडा जितका लांब तितका पिळायला सोपा. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअराने 1910 साली त्यावर उपाय म्हणून पीळ जिरवणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. हेन्री रॉइस हेही आपल्या गाड्यांसाठी याच प्रश्नाशी झगडत होते. त्या साधनाचे आजचे घरगुती रूप म्हणजे माझ्या हातातली पुली.

तिचे काम असे चालते. बाहेरचे जड कडे आपल्या वजनामुळे एका गतीने फिरत राहू पाहते. आतला तुंबा क्रँकबरोबर पुढेमागे हिसके देत असतो. या दोघांच्या ओढाताणीत मधले रबर ताणले जाते, सैल होते, पुन्हा ताणले जाते, आणि प्रत्येक हिसक्याचा जोर पोटात घेऊन त्याची ऊब करून टाकते. कड्याचे वजन आणि रबराचा ताठरपणा हे त्या त्या इंजिनाचा ताल पाहून ठरवलेले असतात. म्हणून एका गाडीची पुली दुसरीला केवळ बसते म्हणून चालत नाही. मोठ्या डिझेल इंजिनांवर रबराऐवजी बंद डब्यात दाट सिलिकॉनचा द्राव भरलेला असतो. तत्त्व तेच.

या वस्तूचे इंग्रजी नाव आहे हार्मोनिक बॅलन्सर. नाव भारदस्त, पण थोडे फसवे. काही इंजिनांत तिच्यावर तोल साधणारे वजन असते हे खरे. तरी तिचे मुख्य काम तोलण्याचे नसून जिरवण्याचे आहे. इंजिनिअर मंडळी तिला डॅम्परच म्हणतात. मराठीत "पीळजिरवणी" म्हणावे असे मी स्टाफरूममध्ये सुचवले. कुणी अनुमोदन दिले नाही.

असो. आता त्या चकतीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न : ती बिघडली हे ओळखायचे कसे? कारण तिचा दोष असा की ती स्वतःच्या नावाने तक्रार करीत नाही. पट्टा वाजतो तेव्हा लोक पट्ट्याला दोष देतात. गाडी थरथरते तेव्हा फाउंडेशनला. टकटक होते तेव्हा काहींना आतले बेअरिंग गेले असे वाटते. तसला दणदण आवाज ऐकून इंजिन खोलायचे ठरते आणि दुखणे बाहेर, पुलीतच असते. जुन्या पेट्रोल गाड्यांत तर आणखी गंमत. ठिणगीची वेळ जुळवण्याची खूण बहुधा त्या बाहेरच्या कड्यावरच कोरलेली असे. रबर सुटून कडे बोटभर सरकले की खूण खोटे बोलू लागे. मेकॅनिक त्या खुणेवर भरवसा ठेवून काळजीपूर्वक वेळ जुळवी आणि गाडी आणखीच बिघडे. मग पेट्रोलात भेसळ आहे असे ठरे. अलीकडच्या काही इंजिनांत क्रँकची गती मोजणारे दातेही या पुलीवर असतात. तिथे समोरच्या तक्त्यावर इंजिनाचा दिवा लागतो आणि यंत्र मिसफायरचे निदान छापून देते.

मिस्त्रींची निदानाची रीत मी नंतर त्यांच्याजवळ स्टुलावर बसून शिकलो. ती इथे सांगतो. घरात गाडी असलेल्या कोणालाही ती उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, आवाजाची कुंडली मांडावी. थंड असताना की तापल्यावर, जागेवर की वेगात, एसी लावल्यावर वाढतो का, आणि बंद करताना काय होते. जागेवर चालू असताना टकटक, वेगात शांत, आणि बंद होताना एक खळ्ळ. हे लक्षण ऐकले की पुलीकडे पाहावे. म्हणजे सौ.ने श्रावणातच निम्मे निदान केले होते.

दुसरी गोष्ट, गाडी बंद करून, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून, टॉर्चने पाहावे. रबराचे वर्तुळ सगळीकडे सारखे दिसते का? तडे, फुगवटा, बाहेर आलेले तुकडे आहेत का? कडे तुंब्याच्या रेषेत आहे की पुढेमागे सरकले आहे? मागच्या झाकणावर घासल्याचा चकचकीत चट्टा आहे का? आसपास तेलाचा ओलावा असेल तर क्रँकच्या पुढच्या टोकाचे ऑइल सील गळत असेल. तेल आणि उष्णता हे या रबराचे जुने वैरी.

तिसरी गोष्ट, इंजिन चालू ठेवून पुली डुलते का ते पाहावे. पण इथे हात जोडून विनंती की पट्ट्याच्या रेषेत समोर उभे राहू नये, बाजूला राहावे. आणि पदर, ओढणी, मफलर, सैल बाही बॉनेटजवळ नेऊ नये. फिरता पट्टा माणूस ओळखत नाही. आता मोबाईलमध्ये संथ गतीचे चित्रण करता येते; लांबून ते करावे आणि मग घरात बसून पाहावे. चांगली पुली स्थिर फिरते. बिघडलेली लडबडते.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत खात्रीची. इंजिन बंद असताना तुंब्यापासून रबरावरून कड्यापर्यंत एक सरळ पांढरी रेघ ओढावी. गाडी चार दिवस नेहमीसारखी चालवावी. पुन्हा पाहावे. रेघ अखंड असेल तर रबराची पकड शाबूत आहे. रेघ तुटून तिची दोन टोके वेगळी झाली असतील तर कडे घसरले. आणखी पुराव्याची गरज नाही. मात्र रेघ अखंड असूनही रबर तडकलेले किंवा पुली डुलणारी असेल, तर रेघेवर विसंबू नये.

पाचवी गोष्ट मेकॅनिकने करायची. पट्टा उतरवून इंजिन फक्त काही सेकंद चालवायचे, कारण तेवढा वेळ पाण्याचा पंप बंद असू शकतो. आवाज गेला तर संशय पट्ट्यावरच्या इतर मंडळींवर. राहिला तर पुलीवर किंवा इंजिनाच्या आतल्या भागांवर. हा पुरावा एकटा पुरेसा नाही, पण बाकीच्यांच्या जोडीने बोलका आहे. शिवाय पुली ज्या मोठ्या बोल्टने बसते तो सैल असेल, किंवा तिला जागेवर धरणारी चावी झिजली असेल, तरी ती अशीच डुलते. तेव्हा ते न पाहता नवी पुली घातली तर दुखणे परत येते.

आता ते पाचशे रुपयांचे वेल्डिंग. कडे आणि तुंबा वेल्डिंगने एकजीव केले की पट्टा फिरेल, चीं चीं थांबेल, टकटक थांबेल. गिऱ्हाईक खूश. पण रबर मेले ते मेलेच. पीळ जिरवणारे कोणी उरले नाही. तो सगळा आता क्रँकने सोसायचा. तो उद्याच तुटेल असे नाही. महिनोन्‌महिने काहीच होणार नाही, आणि हेच त्यातले वाईट. दुखणे मिटवणे आणि दुखण्याचे तोंड बंद करणे यांत फरक आहे. वर्कशॉपातल्या त्या तरुणाने पट्टा बदलून दोन आठवडे शांतता दिली, तेव्हा मीही शांततेलाच आरोग्य समजलो होतो.

नवी पुली बसवतानाही मी शेजारी उभा होतो. जुनी काढताना पुलर तुंब्यालाच धरतो ना, हे मालकाने पाहावे. कड्याला धरून ओढले की चांगले रबरही सुटते. नवीवर हातोडा मारू नये. मधला बोल्ट कंपनीने सांगितलेल्या जोराइतकाच, माप दाखवणाऱ्या पान्याने आवळावा. कित्येक गाड्यांना तो बोल्टही नवा लागतो. गळके सील आणि पट्टा त्याच वेळी बदलून घ्यावा म्हणजे मजुरी दोनदा पडत नाही. हे सारे झाल्यावर मिस्त्री म्हणाले, "सर, एक रेघ ओढून ठेवू. पांढरा रंग आहे का घरी?" रंग नव्हता. थोरलीने आपली नेलपॉलिशची बाटली आणून दिली. पांढरी नव्हती, गुलाबी होती. आमच्या इंजिनात आजही ती गुलाबी रेघ आहे.

बिल झाले सहा हजार आठशे. पैसे देताना मी म्हटले, "मिस्त्री, मी तुमच्याबद्दल सोसायटीत वाईट बोललो." ते पान्यांची मांडामांड करीत होते. म्हणाले, "कळलं होतं." थोड्या वेळाने म्हणाले, "लोखंडात रबर असतं हे तुम्हाला कसं ठाऊक असणार? मी तेव्हाच काढून दाखवायला हवं होतं." चूक माझी, आणि तिच्यातला वाटा ते उचलत होते. मी त्या संध्याकाळी उरलेल्या फराळाचे ताट घेऊन दोन्ही शेजाऱ्यांकडे गेलो आणि माझे शब्द जिथे टाकले होते तिथून उचलले. ज्यांनी गॅरेज बदलले होते ते काही बोलले नाहीत. मात्र पुढे उन्हाळ्यात त्यांच्या गाडीचा पट्टा चिवचिवू लागला तेव्हा ते मिस्त्रींकडे गेले. मला वाटले, आता त्यांनाही पुली. मिस्त्रींनी रेघ ओढली, चार दिवसांनी पाहिली. रेघ अखंड होती, रबर ठीक होते. पुली काही बदलली नाही. टेन्शनरची बेअरिंग कोरडी झाली होती, तेवढा बदलला आणि काम झाले. माझ्या मते मिस्त्रींच्या सचोटीचा याहून मोठा दाखला नाही. पुली विकायची असती तर त्या दिवशी गिऱ्हाईक आयते तयार होते.

भाऊबीजेचे सांगायचे राहिले. आम्ही पोचलो नाही म्हणून अक्काच दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने पुण्याला आली. पिशवीत ओवाळणीचे ताट, निरांजन, सुपारी, सारे बांधून. आल्या आल्या म्हणाली, "गाडी बिघडली म्हणून भाऊ बिघडला काय?" तिने मला ओवाळले तेव्हा गाडी मिस्त्रींच्या दारात कापड पांघरून उभी होती.

हा लेख इथवर लिहून मी समारोपाला बसलो आणि लिहिले की प्रत्येक घरात असे एक मधले रबर असते. आई आणि मुलगा, बाप आणि मुले यांच्यामधले हिसके ते मुकाट्याने पोटात घेते आणि त्याची ऊब करते. सौ.ने ते वाचले. म्हणाली, "अहो, हे खोडा. एक तर मला रबर म्हटलेलं मुळीच चालणार नाही. दुसरं, मी मुकाट्यानं काही घेत नाही. मी श्रावणातच सांगितलं होतं. तुम्ही 'येत असेल' म्हणालात."

दोन्ही मुद्दे बिनतोड आहेत. म्हणून समारोप खोडला. त्याऐवजी एवढेच सांगतो : यंदा भाऊबीजेला पुन्हा कऱ्हाडला जायचे आहे. आदल्या रात्री मी टॉर्च घेऊन खाली जाईन आणि ती गुलाबी रेघ पाहीन. आणि वाटेत सौ. "थांबवा" म्हणाली, तर पहिल्या शब्दाला थांबवीन.